तगरीची आफ्रिकन मावसबहीण आणि दारूचा उतारा

तगरवेडी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धाकट्या बहिणीनं व्हॉट्सॅपवर एक पत्रक पाठवलं. समुद्र, माड, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि मजकूर असा: 'आफ्रिकेतील पवित्र मूळ. सात दिवसांत व्यसन मुळासकट जाईल.' पैसे आगाऊ. तिचा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. दारूपायी दोनदा दाखल होऊन आला, दोनदा घसरला. खाली बहिणीनं लिहिलं होतं, "ताई, तू जन्मभर झाडंच शिकवलीस ना, मग हे काय आहे ते सांग."

तर तीन आठवडे वाचत बसलेय. माझी हुकमत झाडापुरती, मेंदूचं सगळं उसनं. इथल्या डॉक्टर आयडींनी चुकलं तिथं कान धरावा.

ते मूळ म्हणजे इबोगा. शास्त्रीय नाव टॅबर्नँथे इबोगा. गॅबॉनच्या जंगलातलं, माणसापेक्षा थोडं उंच झुडूप. तिथल्या ब्विटी पंथात दीक्षेच्या वेळी मुळाची साल खातात, पूर्वजांची भेट होते असं मानतात. कुळ कोणतं? अ‍ॅपोसायनेसी, म्हणजे आपलं कण्हेरीचं! हे वाचलं आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण आमच्या सोसायटीच्या फाटकाशी याच कुळातली तगर आहे. पान तोडलं की पांढरा चीक येतो ती, देवाला वाहतो ती. तगर आणि इबोगा नुसत्या एका कुळातल्या नाहीत, अगदी जवळच्या आहेत. तगरीत कोरोनॅरिडिन नावाचं रसायन आहे आणि त्याचा सांगाडा इबोगाच्या मुळातल्या इबोगेनचाच. सह्याद्रीतला नागलकुडा तगरीचा सख्खा भाऊ, त्यातही हेच घराणं सापडतं.

(कृपया कुणीही तगर, नागलकुडा, कण्हेर चघळून बघू नये. एका घराण्यातले सगळे सारखे नसतात, हे आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. बिट्टीच्या बिया खाऊन माणसं दगावतात, तीही याच कुळातली.)

आता मला आवडणारा भाग. कंटाळा आला तर खाली उडी मारा.

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याला डाळीतून, दुधातून मिळतं. आपलं शरीर त्यापासून सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतला एक निरोप्या रेणू, बनवतं. झाड त्याच ट्रिप्टोफॅनपासून ट्रिप्टामिन बनवतं आणि त्याला सेकोलोगॅनिन नावाचा दुसरा रेणू जोडतं. या जोडणीतून होतं स्ट्रिक्टोसिडिन. हे म्हणजे आमचं स्वारगेट, इथून गाड्या कुठंही जातात. एक वाट सदाफुलीत जाते आणि रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन मिळतं. दुसरी सर्पगंधेत जाऊन रिसर्पिन होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबासाठी सर्पगंधा जगापुढे मांडली ती हीच. तिसरी वाट सिंकोनात गेली की कोयनेल, चौथी काजऱ्यात गेली की स्ट्रिक्नीन, म्हणजे शुद्ध विष. सध्या संध्याकाळी रस्तोरस्ती जिच्या वासानं डोकं धरतं, ती सप्तपर्णीही याच वाटेवरची. आणि एक वाट इबोगात जाऊन इबोगेन होते. शेवटच्या दोन पायऱ्या करणारी विकरं (एन्झाइम) २०१८ साली सापडली. एक हायड्रॉक्सिल गट बसवतं, दुसरं त्यावर मिथिलची टोपी घालतं. सदाफुलीतल्या कॅथरँथिनचा सांगाडाही याच धाटणीचा आहे, फक्त वळण आरशातलं. डाव्या आणि उजव्या हातमोज्यासारखं.

झाड हे सगळं का करतं? आपली दारू सुटावी म्हणून नक्कीच नाही. सदाफुलीच्या पानात स्ट्रिक्टोसिडिन पेशीच्या रसधानीत असतं आणि ते फोडणारं विकर केंद्रकात. काडी एका खिशात, पेटी दुसऱ्या खिशात. अळीनं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि जे तयार होतं ते प्रथिनांना चिकटून त्यांचा लगदा करतं. मी वर्गात हे शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

सेरोटोनिन किड्यांच्या चेतातंतूंतही असतं. सेरोटोनिनसारखी दिसणारी वस्तू किड्याच्या कुलपात बसते तशी आपल्याही कुलपात बसते. 'पवित्र मूळ' वगैरे वाचताना मला ती अळी आठवत राहते.

मेंदूचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. दूध उतू गेलं.

पेठकर

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खडूस_आजोबा

ताई, स्वारगेट झालं, सप्तपर्णी झाली. बहिणीनं विचारलं होतं, सुटते की नाही? एवढं पाल्हाळ लावून उत्तर द्यायला तुम्ही अजून कॉलेजात नाही.

तगरवेडी

आजोबा, उत्तर एका शब्दाचं असतं तर एका शब्दात दिलं असतं.

इबोगेन १९०१ साली फ्रान्समध्ये वेगळं काढलं गेलं. इबोगाच्याच एका जातभाईच्या अर्काच्या गोळ्या 'लांबारेन' नावानं तिथं १९३९ पासून १९७० पर्यंत थकव्यावर विकल्या जात. व्यसनाशी संबंध जुळला तो १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये, आणि तोही अपघातानं. हॉवर्ड लॉटसॉफ हा एकोणीस वर्षांचा, हेरॉइनच्या आहारी गेलेला मुलगा. नवी नशा करून बघू म्हणून त्यानं इबोगेन घेतलं. दीड-एक दिवसानं लक्षात आलं की हेरॉइन घेतलेलं नाही आणि तरी अंग मोडून येत नाही, तलफ नाही. पुढं जन्मभर तो याच्यामागं लागला आणि १९८५ साली पेटंट मिळवलं.

हे रसायन मेंदूत करतं काय? पंचाईत ही की ते एका कुलपाची किल्ली नाही, किल्ल्यांचा जुडगा आहे. कप्पा-ओपिऑइड, एनएमडीए, निकोटिनचे काही ग्राही (पेशीवरची कुलपं), थोडं थोडं सगळीकडे. सेरोटोनिन परत आत ओढणारा जो वाहक असतो, त्याला ते आतल्या बाजूला उघडा असताना धरून ठेवतं. नेहमीची नैराश्याची औषधं त्याला बाहेरच्या तोंडाशी अडवतात, हे आतून. उंदरांत आणखी एक गोष्ट दिसली: डोपामिनच्या पेशी जिथं असतात त्या भागात जीडीएनएफ नावाचं पेशी जगवणारं प्रथिन वाढतं, आणि उंदीर दारू कमी पितात. यकृत इबोगेनचं रूपांतर नॉरइबोगेनमध्ये करतं आणि ते अंगात कितीतरी जास्त काळ रेंगाळतं. झिंग उतरल्यावरही तलफ दबलेली राहते ती बहुधा त्यामुळे.

म्हणजे पत्रकातलं सगळंच खोटं नाही. मला तेच जास्त अवघड वाटतंय.

अतिदक्षता_रात्रपाळी

ताई, झाडाचं मला कळत नाही. मी सतरा वर्षं आयसीयूत नर्स आहे, मॉनिटरची रेघ कळते. तुमचा धागा वाचून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारलं आणि झोप उडाली, म्हणून लिहितेय.

हृदय एक ठोका दिला की पुढच्यासाठी पुन्हा सज्ज होतं. त्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर जावं लागतं. ज्या दारानं ते जातं त्याला हर्ग म्हणतात, आणि इबोगेन नेमकं तेच दार अडवतं. मग सज्ज व्हायला वेळ लागतो. ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोक्यापासून पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबतो. तो फार लांबला आणि मध्येच एखादा ठोका अवेळी पडला, तर हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं फडफडतं. घरी, रिसॉर्टवर, गादीवर झोपलेल्या माणसाचं असं झालं तर लोकांना वाटतं झोपलाय. असे मृत्यू नोंदलेले आहेत.

नेदरलँड्समध्ये ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या, १४ रुग्णांना दवाखान्यात, मॉनिटर लावून इबोगेन दिलं. निम्म्यांचा क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला. आमच्याकडे कुणाचा ५०० दिसला तर धावाधाव होते. त्या १४ जणांपैकी कुणी दगावलं नाही, हे खरं, पण ते सगळे तारांना जोडलेले होते.

आता दारूचा पेशंट घ्या. आधीच पोटॅशियम, मॅग्नेशियम खाली. या मुळानं उलट्या होतात, म्हणजे अजून खाली. वर काहींच्या यकृतात ते रसायन फोडणारं विकर जन्मतःच मंद असतं, काहींचं नैराश्याच्या गोळ्यांनी मंदावतं. भाचा कोणती गोळी घेतो ते पत्रकवाल्यांनी विचारलं का? ईसीजी मागितला का? एवढंच विचारा बहिणीला.

तगरवेडी

विचारलं. फॉर्मवर रक्तगट, रास आणि जेवणाची आवड आहे. ईसीजी नाही.

खडूस_आजोबा

रास!!! कोणती चालते, मूळ नक्षत्रवाल्यांना सवलत असेल.

पेठकर

एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे महादेवाला धोत्रा वाहतात, साधू लोक खातातही म्हणे. मग आफ्रिकेला कशाला जायचं? आमच्या मागच्या अंगणात आपोआप उगवलाय.

तगरवेडी

पेठकर, नाही! धोत्रा वेगळ्या कुळातला, वांगी-टोमॅटोच्या. त्यातली स्कोपोलामिन, अ‍ॅट्रोपिन ही अ‍ॅसिटिलकोलिनचा रस्ता बंद करतात. त्यानं येतो तो भ्रम, समोर नसलेल्या माणसाशी तासभर गप्पा, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. तोंड कोरडं, ताप, बाहुल्या ताणलेल्या, नाडी भरधाव. व्यसन वगैरे काही सुटत नाही, माणूस मात्र हातचा जाऊ शकतो. महादेवाला पचतं, आपल्याला नाही.

तुलनाच करायची तर दक्षिण अमेरिकेतला आयाहुआस्का घ्या. ती दोन वनस्पतींची उकळ. एकीत डीएमटी हे भास घडवणारं रसायन असतं, ती कॉफीच्या कुळातली. पण नुसतं डीएमटी तोंडावाटे घेतलं तर आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ विकर त्याचा फडशा पाडतं. म्हणून दुसरी वेल, जिच्यात हार्मिन आहे, ते विकराला थोपवून धरतं. ही वेल आपल्या माधवीलतेच्या कुळातली बरं का. पेरूतल्या तारापोतोमध्ये ताकिवासी नावाचं केंद्र १९९२ पासून व्यसनी लोकांवर उपचारात हे वापरतं. पण ज्या विकराला थोपवलं तेच सेरोटोनिनचीही विल्हेवाट लावतं. नैराश्याची गोळी चालू असताना ही उकळ घेतली तर सेरोटोनिन बेसुमार साचतं आणि जिवावर बेततं.

मनोमन

(मानसोपचार विभागात शिकतोय, अजून निवासी डॉक्टर आहे, तेवढ्याच वजनानं घ्या.)

ताई, झाडाचा भाग वाचून दंडवत. दोन गोष्टी जोडतो.

पहिली आणि महत्त्वाची: इबोगेनबद्दल जे काही दिसलंय ते मुख्यतः ओपिऑइडचं, म्हणजे हेरॉइन, गर्द वगैरे. भाच्याचं व्यसन दारूचं. दारूसाठी माणसांवरचा बरा पुरावा आहे तो सायलोसायबिनचा. ते भास घडवणारं द्रव्य अळिंबीत असतं, वनस्पती नव्हे, हे ताई म्हणायच्या आत मीच म्हणतो. २०२२ साली अमेरिकेत ९३ जणांवर चाचणी झाली. सगळ्यांना १२ आठवडे समुपदेशन, निम्म्यांना सायलोसायबिन, उरलेल्यांना अ‍ॅलर्जीची झोप आणणारी गोळी. पुढच्या ३२ आठवड्यांत खूप पिण्याचे दिवस सायलोसायबिनवाल्यांत सुमारे १० टक्के, दुसऱ्यांत सुमारे २४ टक्के. फरक मोठा आहे. पण भिंती श्वास घेताना दिसल्या की आपल्याला कोणती गोळी मिळाली हे कुणालाही कळतं. म्हणजे 'डोळे बांधून' केलेली चाचणी डोळे किलकिले ठेवून झाली. सिगारेटवरच्या २०१४ च्या अभ्यासात १५ पैकी १२ जण सहा महिन्यांनी सुटलेले होते, पण तिथं तुलनेला दुसरा गटच नव्हता.

हे नवंही नाही. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये दारूसाठी एलएसडी (तसंच भास घडवणारं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं) देत होते. पुढच्या दशकातल्या सहा चाचण्या, ५३६ माणसं, २०१२ साली एकत्र तपासल्या: एलएसडीवाल्यांत ५९ टक्के सुधारले, इतरांत ३८.

यंत्रणा अशी समजली जाते: ५-एचटी-२ए नावाचा सेरोटोनिनचा ग्राही मेंदूच्या सालीत पाचव्या थरात भरपूर असतो, तो चेतवला जातो. उंदरांत एका मात्रेनंतर दिवसभरात चेतापेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले दिसले आणि महिन्यानंतरही त्यातले बरेच टिकले. व्यसन म्हणजे खोलवर घोटलेली सवय, आणि नवी पाटी मिळाली तर नवं लिहिता येईल, असा तर्क आहे. तर्कच.

दुसरी गोष्ट: सायलोसायबिन, डीएमटी, मेस्कॅलिन आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. 'झाडाचं आहे, चालतं' हे पोलिसांना सांगून उपयोग नाही. आणि नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट या दारूची ओढ कमी करणाऱ्या साध्या, दुकानात चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या भाच्याला कधी नीट, सलग दिल्या गेल्या का? मला बाह्यरुग्ण विभागात रोज असे लोक भेटतात ज्यांनी सगळे बाबा केलेत, पण ही गोळी नाही.

अकरा_वर्षं_कोरडा

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. आयडीवरून कळलंच असेल.

ताई, तुमच्या बहिणीच्या जागी माझी आई होती. तिनं अंगारा आणला, पुडी आणली, भाजीत कालवायचं औषध आणलं. ते भाजीतलं बहुतेक डायसल्फिराम होतं, वर दारू गेली की अंगावर उलटणारं. मला न सांगता. त्या रात्री मी प्यायलो आणि मरता मरता वाचलो. म्हणून एक हात जोडून सांगणं, पोराच्या नकळत काहीही देऊ नका.

दुसरं. तुम्ही सगळे शिकलेले लोक रेणू, काटे, फांद्या बोलताय, छान आहे. मला विथड्रॉवल, म्हणजे दारू बंद केल्यावरचा त्रास, कधीच अवघड गेलं नाही. डॉक्टर होते, सलाइन होतं, बी-१ चं इंजेक्शन होतं, पाच दिवसांत हात कापायचा थांबला. (घरच्या घरी एकदम बंद करू नये कुणी, फिट येते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्याला आलेली.) अवघड गेला तो सहावा दिवस आणि त्यापुढचे चार हजार. दर महिन्याच्या सात तारखेला पगार व्हायचा आणि ऑफिसातून घरापर्यंत तीन बार लागायचे. मी वर्षभर उलट्या बाजूनं, कॅनॉलच्या कडेनं घरी गेलो. चाळीस मिनिटं जास्त. ते कुठल्या मुळात असतं?

मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली गर्दच्या लाटेत उभं राहिलं, तेव्हाही असे 'एका झटक्यात'वाले होते असं जुने लोक मीटिंगला सांगतात.

मनोमन

दादा, सलाम. तुमचा मुद्दा खोडत नाही, उलट एक अभ्यास तुमच्याच बाजूचा सांगतो. २०२३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं उंदरांवर पाहिलं. लहानपणी सोबतीतून शिकण्याचा एक नाजूक काळ असतो, तो मोठेपणी बंद होतो. ही द्रव्यं तो काही दिवस पुन्हा उघडतात. सायलोसायबिननं दोन आठवडे, एलएसडीनं तीन, इबोगेननं निदान चार.

अकरा_वर्षं_कोरडा

म्हणजे चार आठवडे पोरगं मऊ मातीसारखं. मग त्या चार आठवड्यांत ते बसणार कुणाबरोबर? रिसॉर्टवाले तर सातव्या दिवशी बसमध्ये बसवून देणार. आणि इकडं स्टँडवर मित्र न्यायला येणार. माझे यायचे.

तगरवेडी

हे वाचून मी फोन ठेवून दिला थोडा वेळ. तीन आठवडे वाचलं, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

खडूस_आजोबा

मनोमन, झिंग वजा करून नुसतं औषध ठेवता येत नाही का? सर्पगंधेचं मूळ चघळण्याऐवजी गोळी आली तसं.

मनोमन

आजोबा, बरोबर नस पकडलीत. १९९० च्या दशकात १८-मेथॉक्सिकोरोनॅरिडिन बनवलं गेलं, म्हणजे ताईंच्या तगरीतल्या कोरोनॅरिडिनवर एक जादा शेपूट. पुढं कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात डेव्हिड ओल्सन यांच्या प्रयोगशाळेनं इबोगेनची रचना सोपी करून टॅबर्नँथॅलॉग केलं. हर्गवर त्याचा त्रास बराच कमी, उंदरांत भ्रमाची खूणही दिसत नाही, तरी दारू आणि हेरॉइनकडे धाव कमी होते. पण उंदीर. काही जाणकार म्हणतात की तो अनुभव, आपलं आयुष्य बाहेरून बघणं, हेच औषध आहे, ते काढलं तर उरतं काय. माझं मत रोज बदलतं.

दरम्यान टेक्सस राज्यानं २०२५ साली इबोगेनच्या संशोधनाला ५ कोटी डॉलर मंजूर केलेत. २०२४ साली स्टॅनफर्डच्या गटानं डोक्याला मार लागलेल्या ३० माजी सैनिकांना मॅग्नेशियमसोबत इबोगेन दिलेला अभ्यास छापला, निकाल चांगले होते. तिथंही तुलनेचा गट नव्हता.

तगरवेडी

बहिणीशी बोलले. आधी चिडली. "तुला सगळ्यात खोटच दिसते." मग मी तिला रात्रपाळीताईंचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, फॉर्म पुढं ठेवला आणि ईसीजीची ओळ शोधायला सांगितली. गप्प बसली. आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत म्हणे. गेले ते गेले.

भाच्याशी वेगळी बोलले. त्याला पत्रकाचं माहीतच नव्हतं! आईनं 'गोव्याला चार दिवस जाऊ' एवढंच सांगितलेलं. तो म्हणाला, "मावशी, मला कुणी विचारतच नाही." गोळ्यांचं विचारलं तर नालट्रेक्सोन एकदा लिहून दिली होती, पंधरा दिवस घेतली, मळमळलं, सोडली. गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांकडे जातोय, मी सोबत. कोरडा दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्याला तुमच्या मीटिंगला यायचंय. एकटा नको म्हणतो.

अकरा_वर्षं_कोरडा

व्यनि बघितला. शनिवारी सहाला मी फाटकाशी उभा असेन. चहा आधी की नंतर ते त्यालाच ठरवू द्या.

अतिदक्षता_रात्रपाळी

ज्यांना लगेच कुणाशी बोलायचंय त्यांच्यासाठी: नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. ताई, गुरुवारी जमलं तर एक ईसीजी काढूनच घ्या.

पेठकर

सगळं वाचलं. आता घरगुती प्रश्न. नातू दोन वर्षांचा आहे, दिसेल ते पान तोडतो. अंगणात तगरही आहे आणि धोत्राही. काय काढू?

तगरवेडी

धोत्रा आजच काढा, बोंडं फुटायच्या आत, हातमोजे घालून. तगर राहू दे, पण चीक डोळ्याला लागू देऊ नका आणि नातवाच्या हाताला येणाऱ्या खालच्या फांद्या छाटून घ्या. छाटलेल्यातली एक काडी मला द्याल का? आमच्या फाटकाशी एकेरी पाकळीची आहे, तुमची दुहेरी असेल तर हवीय.

पेठकर

दुहेरीच आहे. रविवारी आणून देतो.